घरातली बंदूक : भरलेली की रिकामी?

(शेतकरी बंधू-भगिनींसाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवेळी मी आपल्यासमोर येतो तो खोडकिडा, तुडतुडे, नाहीतर खताच्या मात्रा घेऊन. आजचा विषय जरा वेगळा आहे. तो कृषी खात्याचा नाही असे कोणी म्हणेल. पण ज्या वस्तूविषयी मी बोलणार आहे ती धानाच्या राखणीसाठीच आपल्या घरात आलेली आहे, तेव्हा ती शेतीच्या अवजारांतच मोडते. ती वस्तू म्हणजे पीक संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक. आपल्याकडे तिला भरमार म्हणतात.

दरेकशाच्या बाजूला बंदुकीचे नाव काढले की माणसे आधी इकडेतिकडे बघतात. का, ते मी सांगायला नको. सालेकसा तालुक्याचा हा डोंगरी पट्टा कितीतरी वर्षे नक्षली हालचालींचा म्हणून ओळखला गेला. त्यामुळे ज्याच्याकडे रीतसर परवाना आहे तोही या गोष्टीवर चारचौघांत बोलत नाही. बोलणे नाही म्हणून विचारणे नाही, आणि विचारणे नाही म्हणून शिकणे नाही. आजोबांनी जशी खुंटीला लावली तशी नातवाच्या काळातही ती खुंटीलाच आहे. म्हणून आज मोकळेपणाने बोलू.

मी शेतीचा पदवीधर आहे. बंदूक काही मी कॉलेजात शिकलो नाही. या विषयात मी पडलो तो एका घरात पाहिलेल्या प्रकारामुळे. तो आधी सांगतो. गावाचे आणि घराचे नाव सांगणार नाही.

रब्बीचे दिवस होते. लाखोळी आणि जवस पाहायला मी एका काकाजींकडे गेलो होतो. उन्हे चढली म्हणून ओसरीत बसलो. काकूंनी पाणी दिले. समोर भिंतीला सागाची खुंटी होती. खुंटीला बंदूक लटकलेली आणि त्याच खुंटीला पट्ट्याने अडकवलेले शाळेचे दप्तर. पोरगा तिसरीत असावा. शाळेतून आला की दप्तर बंदुकीवर टांगायचे, सकाळी तिथूनच काढायचे, असा रोजचा परिपाठ.

मी म्हटले, “काकाजी, ही भरलेली तर नाही ना?”

काकाजी हसले. “रिकामीच आहे जी साहेब. टोपी कुठे आहे तिच्यावर?”

खरेच टोपी नव्हती. माझेही समाधान झाले असते. पण त्यांचा मोठा मुलगा आतून बोलला, “बाबाजी, पोळ्याच्या सुमारास मी बार भरला होता, तो उडवला का कोणी?” कोणालाच आठवेना. काकाजी म्हणाले उडवला असेल. काकू म्हणाल्या मी तर आवाज ऐकला नाही. शेवटी गज नळीत घालून पाहिला. गज तळापर्यंत गेलाच नाही. चार बोटे वर राहिला. म्हणजे बार आत होता. पोळ्यापासून माघापर्यंत, जवळजवळ पाच महिने, भरलेली बंदूक पोराच्या दप्तराखाली लटकत होती.

मग मी विचारले, टोप्या कुठे ठेवता? काकूंनी देवळीकडे बोट दाखवले. दिव्याशेजारी काडेपेटी होती आणि त्या काडेपेटीत टोप्या. पोराचा हात सहज पोचेल अशा उंचीवर.

त्या घरात काही वाईट घडले नाही. त्या दिवशी आम्ही बंदूक तशीच बाहेर नेली, नळी ओल्या बांधीकडे केली आणि माहितगार माणसाला बोलावणे पाठवले. पण रात्री घरी आल्यावर मला झोप लागली नाही. नंतर तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या एका निवृत्त पोलीस हवालदारांकडे बसून मी हा विषय समजून घेतला. त्यांनी सांगितले ते आणि मी स्वतः वाचले ते, असे मिळून आज आपल्यापुढे ठेवतो.

टोपी नाही म्हणजे रिकामी नाही

पहिली आणि सगळ्यांत मोठी गोष्ट हीच. ठासणीच्या बंदुकीत दारू, वर बोळा, मग छर्रे, मग पुन्हा बोळा असे सगळे तोंडाकडून भरून गजाने ठासतात. टोपी फक्त शेवटी, घोड्याखालच्या बारीक नळीवर बसते. टोपी काढली तरी आतला बार तसाच राहतो. टोपी काढलेली बंदूक ही रिकामी नव्हे; ती भरलेलीच, फक्त पेटवायची राहिलेली. कोणी पोराने गंमत म्हणून टोपी बसवली, घोडा ओढला आणि चाप दाबला की झाले.

बारा बोअरच्या काडतुसी बंदुकीचे तसे नसते. ती मोडून उघडली की काडतूस दिसते, काढून घेता येते, नळीतून पलीकडचा उजेड पाहता येतो. भरमारीच्या नळीत डोळा लावून काही कळत नाही. आणि कोणी लावूही नये. तळ बंद असतो, आत काळोख. म्हणूनच विसरण्याची सोय या बंदुकीत जास्त.

दारू जुनी झाली, पावसाळ्याचा ओलावा लागला, आता काय पेटणार, असेही काही जण म्हणतात. तसे समजू नका. काळी दारू ओलसर झाली तर कधी पेटत नाही, कधी उशिरा पेटते, आणि नळीत कोरडी राहिली तर वर्षानेही पहिल्या दिवसासारखीच पेटते. यातले आपल्या बंदुकीत काय झाले आहे हे बाहेरून सांगता येत नाही.

यावर उपाय सोपा आणि बिनखर्चाचा आहे. गजावर खूण करून ठेवा. बंदूक नक्की रिकामी आहे, साफ केलेली आहे, अशा वेळी गज नळीत तळापर्यंत सोडा आणि नळीच्या तोंडाशी गजावर विळ्याने बारीक खाच करा. ही रिकामीची खूण. पुढे केव्हाही शंका आली की गज हलक्या हाताने आत सोडायचा. खाच नळीच्या तोंडाशी आली तर रिकामी. खाच वर राहिली तर आत काहीतरी आहे. आपण नेहमी जेवढा बार भरता तेवढा भरल्यावर दुसरी खाच केली तर आणखी बरे. कारण एकदा भरलेली बंदूक विसरून पुन्हा भरली जाते, आणि दोन बार एकावर एक बसले की नळी फुटते. नळी फुटली तर समोरच्याला नाही, मागच्याला लागते. म्हणजे चालवणाऱ्याच्याच बोटांना आणि डोळ्यांना.

खूण नसेल तर गज बाहेरच्या बाजूने नळीला लावून लांबी ताडून पाहा. अंदाज येतो.

गज घालताना नळीचे तोंड आभाळाकडे तिरके असावे. आपला चेहरा किंवा तळहात तोंडावर येऊ देऊ नये. घोडा आधी पाहावा, टोपी असेल तर काढावी. आणि ओसरीत बसून हे करू नये. अंगणाच्या पलीकडे, जिकडे माणूस नाही, गोठा नाही, अशा बाजूला जाऊन करावे. खाटेवर बसून नळी भिंतीकडे केली तर भिंतीपलीकडे कोण झोपले आहे ते आठवा. आपल्या बहुतेक घरांच्या भिंती कुडाच्या किंवा मातीच्या. त्या छर्रे अडवतील अशा भरवशावर राहू नका.

आत बार सापडला तर काय करायचे? विस्तवाजवळ नेऊन वाळवायचा नाही. लोखंडी सळई घालून हातोड्याने ठोकायचे नाही. टोपी काढून ठेवा, नळीत पाणी ओता आणि दारू पुरती भिजू द्या. भिजलेली दारू पेटत नाही. मग परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडून किंवा ठाण्याला सांगून त्यांच्या माहितगार माणसाकडून तो बार काढून घ्या. “उडवून टाकतो” म्हणून गावात बार काढणे हा काही मार्ग नव्हे. बंदुकीचा आवाज ऐकून आपल्या भागात काय धावपळ होईल याची कल्पना आपल्याला माझ्यापेक्षा जास्त आहे.

खरे तर हा सगळा खटाटोप करण्यापेक्षा एकच सवय लावा. भरलेली बंदूक उंबरठ्याच्या आत आणायची नाही. रात्री माचाणीवर जागलीला गेलात, पहाटे खाली उतरलात, की घरी येण्यापूर्वी ती रिकामी झालेली असली पाहिजे. आणि ज्या रात्री गरज नाही त्या रात्री मुळात भरायचीच नाही. भरून ठेवली म्हणजे वेळेवर कामी येईल हा हिशेब चुकीचा आहे. डुक्कर काही घरात शिरत नाही. घरात शिरतात ती आपलीच पोट्टी.

ठेवायची कुठे

कीटकनाशकाचा डबा कसा ठेवायचा हे मी आपल्याला दरवर्षी सांगतो. कुलपात, पोरांच्या हातापासून दूर, धान्यापासून आणि चुलीपासून दूर. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकऱ्यांना विषबाधा झाली, माणसे गेली, तेव्हापासून निदान औषधाच्या बाबतीत लोक ऐकू लागले आहेत. बंदुकीलाही तोच न्याय लावा. एक गोष्ट मात्र जास्तीची आहे. औषध एका कुलपात पुरते. बंदुकीला दोन लागतात : बंदूक एका कुलपात, दारू-टोप्या-छर्रे दुसऱ्या कुलपात.

लोखंडी कपाट असेल तर उत्तम. नसेल तर सुताराकडून सागाची किंवा बिजाची लांब पेटी करून घ्या, तिला लोखंडी पट्ट्या मारा, कडी-कोयंडा बसवा आणि पेटी घराच्या खांबाला साखळीने बांधा. चोर पेटीच उचलून नेतो, म्हणून साखळी. ज्या बंदुकीची नळी खुंटी काढून दस्त्यापासून वेगळी होते ती वेगळी करून ठेवली तर आणखी चांगले. तेवढेही जमत नसेल तर निदान चापाच्या कडीतून साखळी ओवून कुलूप लावा. घोडा अर्धवट चढवून ठेवला म्हणजे सुरक्षित, असे जुने लोक सांगतात. नव्या बंदुकीत ते चालेलही. आपल्याकडच्या बंदुका दोन-दोन पिढ्या वापरलेल्या, खाचा झिजलेल्या. त्या अर्ध्या घोड्यावर विसंबू नका.

किल्ली परवाना ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडेच राहील. करगोट्याला बांधा, कमरेच्या पिशवीत ठेवा, पण देव्हाऱ्यामागे किंवा चौकटीवर ठेवू नका. घरातल्या पोरांना ठाऊक नाही अशी एकही जागा घरात नसते. गूळ कुठे लपवला आहे हे त्यांना कळते, तर किल्ली कळणार नाही?

दारूविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे लोक फार निष्काळजी असतात. काळ्या दारूला पेटायला ठिणगी पुरते. आपल्याकडे चुलीवरच्या माळ्यावर बियाणे ठेवायची पद्धत आहे, धुराने कीड लागत नाही म्हणून. बियाण्याला ते ठीक. त्याच माळ्यावर दारूची डबी ठेवलेली मी पाहिली आहे! दारू कोरडी राहावी हा हेतू, पण खाली रोज दोन वेळा विस्तव. दारू कोरड्या, थंड जागी, घट्ट झाकणाच्या डब्यात, विजेच्या मीटरपासून आणि दिव्यापासूनही दूर ठेवावी. टोप्या दारूसोबत एका डब्यात ठेवू नयेत. काडेपेटीत तर मुळीच नाही. अंधारात बाई काडेपेटी चाचपते, आणि हाती काय येते ते तिला दिसत नाही. परवान्यावर जेवढे लिहिले आहे त्याहून जास्त दारूगोळा घरात ठेवू नये. आणि काडतुसातली बिनधुराची दारू काढून भरमारीत कधीही भरू नये. ती काळ्या दारूपेक्षा फार जोराची असते, नळी फुटलीच म्हणून समजा.

भरताना मोठ्या डबीतून सरळ नळीत दारू ओतू नये. आधीच्या बाराचा निखारा आत राहिलेला असेल तर हातातली डबीच पेटते. लहान मापात घ्यावी, मापातून ओतावी. बिडी पेटलेली असताना तर जवळही जाऊ नये. चाप दाबला आणि बार उडाला नाही, तर लगेच नळीत डोकावू नये. नळी तशीच मोकळ्या दिशेला धरून निदान दोन मिनिटे थांबावे. ओलसर दारू उशिरा पेटते ते असे.

काळ्या दारूची राख ओल धरते आणि लोखंड खाते. म्हणून वापर झाला की, रिकामी असल्याची खात्री करून, नळी गरम पाण्याने धुवावी, फडक्याने कोरडी करावी, तेलाचा हलका हात द्यावा. गंजून पातळ झालेली, चिखल अडकलेली किंवा तडा गेलेली नळी वापरूच नये.

यात्रा, पाहुणे आणि घरातले दुःख

माघ पौर्णिमेला कचारगडची यात्रा भरते. दूरदूरच्या राज्यांतून गोंड समाजाची माणसे दरेकसा स्टेशनावर उतरतात. धनेगाव, दरेकसा आणि आसपासच्या गावांत घरोघर पाहुणे असतात. अशा वेळी आपल्या घरात आपली चार पोरे असतात तिथे दहा होतात. आपल्या पोरांना आपण दटावलेले असते, “तिकडे हात लावायचा नाही” म्हणून. पाहुण्याच्या पोराला ते कोण सांगणार? आणि दटावलेले पोरही पाहुण्या पोराला ऐट दाखवायला आधी तिकडेच नेते. मला विचाराल तर पोरांना दटावणे म्हणजे कुलूप नव्हे. सांगा जरूर. बंदूक दिसली, कोणाच्या हातात दिसली, तर हात न लावता मोठ्या माणसाला बोलवायचे, हे घरच्या पोरांना शिकवाच. पण त्यावर भरवसा ठेवून पेटी उघडी टाकू नका.

आता एक अवघड गोष्ट बोलतो. विदर्भात आहोत, तेव्हा टाळून चालणार नाही. नापिकी, कर्ज, घरातले भांडण, दारू, दुखणे, यांपैकी कशाने तरी माणूस खचतो. जेवत नाही, बोलत नाही, मी नसतो तर बरे असे काहीबाही म्हणतो. अशा घरात विषाचा डबा आणि बंदूक हाताशी असू नये. ती वेळ पुष्कळदा थोडीच असते, ती टळली तर माणूस वाचतो. अमेरिकेत घरोघर बंदुका आहेत. तिथे २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बंदूक रिकामी ठेवणे, कुलपात ठेवणे, गोळ्या वेगळ्या ठेवणे आणि गोळ्याही कुलपात ठेवणे, या चारही सवयींपैकी प्रत्येक सवय जिथे होती तिथे लहान-तरुण मुलांचे अपघाती आणि स्वतःला इजा करून घेण्याचे प्रकार कमी आढळले. चार साध्या सवयी, आणि त्यासाठी कुलपापलीकडे खर्च नाही.

घरात असा काळ आला असेल तर बंदूक काही दिवस पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. शेजाऱ्याकडे किंवा साळ्याकडे ठेवायला देऊ नका. त्याच्या नावावर परवाना नसेल तर तो बिचारा विनाकारण गुन्ह्यात सापडेल. आणि खचलेल्या माणसाशी बोला. १४४१६ हा टेलिमानस सेवेचा क्रमांक आहे. फोन फुकट लागतो, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येते. भगिनींनो, हे काम बहुधा तुम्हालाच करावे लागेल, कारण घरातला पुरुष गप्प झालेला आधी तुम्हाला कळतो. किल्ली मागून घेण्यात कमीपणा वाटून घेऊ नका.

कागद

कायद्याचे थोडक्यात सांगतो. शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्याच्या तेराव्या कलमात पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. म्हणजे आपली भरमार ही लपवायची वस्तू नाही, पण ती परवान्यावरची वस्तू आहे. परवाना ज्याचा, बंदूक त्याच्याच हाती. बाप खाटेवर आणि पोरगा बंदूक घेऊन जागलीला, हे चालत नाही. एकवीस वर्षांखालच्या मुलाच्या हाती तर नाहीच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आहे. मुदत लांब झाल्यामुळे लोक विसरतात, तेव्हा दोन महिने आधीच नूतनीकरणाच्या मागे लागा. परवान्याच्या अर्जासोबत शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमीही द्यावी लागते. त्या हमीवर आपण सही केली आहे हे ध्यानात असू द्या. त्याच दुरुस्तीने बिनपरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा वाढून कमीत कमी दोन वर्षे आणि जास्तीत जास्त पाच वर्षे झाली. चोरून बंदूक बनवणाऱ्याला तर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत.

बहुतेक घरे अडकतात ती वडील वारल्यावर. तेरवी होते, फेरफार होतो, सातबारावर वारसांची नावे चढतात, पण बंदूक खुंटीलाच राहते. बंधूंनो, बंदूक सातबाऱ्यासारखी वारसाने आपोआप नावावर होत नाही. परवानाधारक गेला किंवा मुदत संपली, की ती घरात ठेवण्याचा हक्क संपला. विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, पावती घ्यावी, आणि हवी असेल तर आपल्या नावाने जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. नको असेल तर नको. पुष्कळांना खरे म्हणजे नकोच असते, बापाची आठवण म्हणून ठेवतात. आठवणीला बापाचा फोटो पुरे आहे.

बंदूक किंवा दारूगोळा चोरीला गेला तर त्याच दिवशी ठाण्यात वर्दी द्या. आपल्याच अंगावर येईल या भीतीने लोक आठ दिवस गप्प बसतात, आणि मग ते खरेच अंगावर येते. आपल्या भागातून गेलेली बंदूक कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. निवडणुकीच्या काळात हत्यारे जमा करण्याचा आदेश निघाला तर वेळेवर जमा करा, आणि संपल्यावर पावती दाखवून परत आणायलाही विसरू नका.

आणखी एक गैरसमज काढून टाका. परवाना बंदुकीचा आहे, शिकारीचा नव्हे. रानडुक्कर हा वन्यजीव संरक्षण कायद्याखालचा प्राणी आहे. १ एप्रिल २०२३ पासून नव्या परिशिष्टांत तो दुसऱ्या परिशिष्टात आहे. उभ्या पिकाचा नाश करणाऱ्या जनावराबाबत वन खात्याची लेखी परवानगी मिळू शकते, पण ती आधी घ्यावी लागते. ती नसताना बंदूक हवेत बार काढून हुसकावण्यापुरती. आणि धानात खसखस झाली म्हणून अंधारात त्या दिशेने बार काढणे, हे तर कोणत्याच परवान्यात बसत नाही. शेजारच्या बांधीत शेजारीही जागलीला आलेला असतो. घोट घेतलेल्या माणसाने तर बंदुकीला हातच लावू नये. तितके कळण्याइतपत शुद्ध असते, तेव्हाच किल्ली घरात देऊन निघावे.

बंदुकीला दुसरे काही

बंदुकीची कटकट नको म्हणून काही जण त्याहून वाईट वाटेने जातात. कणकेच्या गोळ्यात स्फोटक घालून बांधावर ठेवणे, कुंपणाला घरची वीज सोडणे. पहिल्याने गाईचे तोंड फुटते, दुसऱ्याने पहाटे बांधावर जाणारा माणूस मरतो. दोन्ही गुन्हे आहेत.

तिसरा प्रकार नवा आहे. प्लास्टिकच्या पाइपात कार्बाइड आणि पाणी घालून आवाज काढायची ती नळी, माकडे आणि डुकरे हुसकावायला म्हणून बाजारात आली. २०२५ च्या दिवाळीत शेजारच्या मध्य प्रदेशात ती खेळणे म्हणून मुलांच्या हाती गेली, आणि शंभरावर मुले डोळ्यांच्या दुखापतीने दवाखान्यात भरती झाली. काहींची दृष्टी गेली. आवाज झाला नाही म्हणून पोर नळीत डोकावते, आणि नेमका तेव्हाच भडका होतो. हे मी मघाशी भरमारीबद्दल सांगितले तेच की नाही? तेव्हा परवाना लागत नाही म्हणून ती नळी घरात आणू नका. आणली असेल तर मोडून टाका. डोळ्यात दारू किंवा कार्बाइड गेले तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने पुष्कळ वेळ धुवा आणि दवाखाना गाठा. छर्रा लागला तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा, आत गेलेला छर्रा उकरू नका, १०८ ला फोन करा.

माझे स्वतःचे मत विचाराल तर धान बंदुकीने फारसा वाचत नाही. एका बारीने कळप पळतो आणि तासाभराने पलीकडच्या बांधीत उतरतो. चार-सहा जणांनी बारी लावून, कंदील-बॅटऱ्या आणि डबे घेऊन केलेली जागल जास्त कामाची. जंगलाला लागून असलेल्या गावांना वन खात्याच्या योजनेतून सौर कुंपणासाठी साहाय्य मिळते. ग्रामपंचायतीत आणि वन परिक्षेत्र कार्यालयात चौकशी करा. नुकसान झालेच तर पंचनाम्यासाठी लगेच अर्ज द्या. पुंजणे हलवून, शेत नांगरून मग अर्ज आणला तर आम्ही पाहायचे तरी काय?

त्या काकाजींकडे मी परवा पुन्हा गेलो होतो. खुंटीला आता नुसते दप्तर आहे. सुताराने केलेली पेटी आतल्या खोलीत खांबाला बांधलेली आहे, टोप्या वेगळ्या डब्यात आहेत आणि गजावर दोन खाचा आहेत. काकूंनी किल्ली मागितली तर काकाजींनी दिली नाही म्हणे. परवाना माझा आहे म्हणाले. ते बरोबरच होते.

काही विचारायचे असेल तर कार्यक्रमाच्या पत्त्यावर कार्ड टाका, किंवा मंगळवारी सालेकशाच्या कार्यालयात भेटा. आपले नाव लिहिले नाही तरी चालेल, प्रश्नाचे उत्तर मिळेल. पुढच्या भाषणात साठवणीच्या धानातील सोंडा किड्यावर बोलू, तोवर कोठ्या उन्हात तापवून ठेवा. नमस्कार.